सांगितलेलं दुखणं

घरात पाऊल टाकण्याआधी मोठे बाबा दाराच्या चौकटीशेजारी लावलेल्या तांब्याच्या पट्टीवर उजवा तळहात टेकवत. दूध घेऊन आले तरी, कुणाला निरोप सांगायला चार पायऱ्या उतरून परत आले तरी. हात क्षणभर तिथं राहायचा, मग पायांतली चप्पल सुटायची, मग ते आत यायचे. वीतभर लांबीची ती पट्टी कडांना काळवंडली होती. मधला तळहाताएवढा भाग मात्र चिंचेनं घासलेल्या गडव्यासारखा उजळ होता.

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, रतन टेंभुर्णे. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीहून ऐन तारुण्यात पुण्याला आले आणि खडकीच्या दारूगोळा कारखान्यात लागले. दारू भरायच्या शेडमध्ये आधी कामगार, शेवटी शेडचे प्रमुख. त्या शेडच्या दाराशी अशीच एक पट्टी होती. आत जाण्याआधी प्रत्येकानं तिला उघडा हात लावायचा. चालताना, कपडे अंगाला घासताना माणसाच्या अंगावर वीज साचते. ती दिसत नाही, जाणवत नाही, पण हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत तिची एवढीशी ठिणगीही दारूला पुरते. पट्टीला हात लावला की ती जमिनीत निघून जाते.

क्वार्टर सोडून विश्रांतवाडीच्या फ्लॅटमध्ये राहायला आले तेव्हा मोठ्या बाबांनी तांबट आळीतून पट्टी करून आणली आणि स्वतः स्क्रू पिळून भिंतीवर बसवली.

"भिंतीतून वीज कुठं जाणार हो? खालच्या जोशांच्या घरात?" मोठी आई म्हणाली होती. तिचं नाव राधा. ती खडकी बाजारातच जन्मलेली आणि वाढलेली. बोलणं असं की समोरच्याला आधी हसू यावं आणि घरी गेल्यावर लागावं.

"सवय आहे," मोठे बाबा म्हणाले. "बाहेरचं बाहेर राहतं."

बाहेरचं बाहेर आणि आतलं आत. कारखान्यातलं घरी बोलायचं नाही, हा तिथला नियमच होता. पण मोठ्या बाबांनी तो नियम नोकरीपुरता ठेवला नाही. दाढ दुखली तर ते एका बाजूनं जेवत. ताप आला तर सदरा घालून, बरे असल्यासारखे बसत. मोठी आई म्हणे, "इतकी वर्षं संसार झाला. या माणसाला बरं वाटत नाही हे मला नेहमी ताटात उरलेल्या भाकरीवरून कळलंय."

मी दोन हजार सहा साली एम.ए. करायला पुण्यात आले आणि त्यांच्याकडे राहिले. जाता-येता मीही पट्टीला हात लावू लागले. चुलतबहीण दीपाली हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत होती. पहाटे पाठीवर लॅपटॉपची बॅग अडकवून कंपनीची बस पकडायला धावताना तीसुद्धा पट्टीला थापटी मारून जायची. मोठे बाबा आतून म्हणायचे, "बाहेर जाताना नाही, आत येताना." ती म्हणायची, "ॲडव्हान्समध्ये, बाबा."

पुढच्या हिवाळ्यात मोठे बाबा चप्पल वाकून काढेनासे झाले. एका पायाच्या अंगठ्यानं दुसऱ्या पायातली ढकलू लागले. रविवारी विहारात वंदना झाल्यावर सगळे उठले तरी ते थोडा वेळ बसून राहत आणि भिंतीला हात लावून उठत. मोठ्या आईनं हे पाहिलं आणि काही न विचारता त्यांना दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या. प्रोस्टेटचा कर्करोग होता आणि तो हाडांत, कमरेत आणि मणक्यात उतरला होता. डॉक्टरांच्या खोलीत मोठे बाबा एकटे गेले, सगळं विचारून घेतलं आणि बाहेर येऊन आम्हाला म्हणाले, "झीज आहे कमरेची."

"हो का?" मोठी आई म्हणाली. "मग आता मी आत जाऊन येते. माझीही कंबर दुखते."

ती आत गेली आणि बऱ्याच वेळानं बाहेर आली.  घराच्या दाराशी मोठ्या बाबांनी पट्टीला हात लावला. त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्या आईनंही लावला.

इंजेक्शनं झाली, किरणांचे शेक झाले. वर्ष गेलं. मग डॉक्टर म्हणाले की आता रोगामागे धावण्यापेक्षा माणसाला सांभाळू या. गावाबाहेर एक केंद्र होतं. बऱ्या न होणाऱ्या आजारातल्या माणसांचा त्रास कमी करणं एवढंच त्यांचं काम. त्यांच्याकडच्या साळवे सिस्टर दर आठवड्याला घरी येऊ लागल्या. ठेंगण्या, जाड भिंगाचा चष्मा, स्कूटरवरून यायच्या. आल्या की आधी पाणी मागून प्यायच्या, घरातलीच बाई असल्यासारख्या.

पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, "काका, दुखणं किती आहे? शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे याहून जास्त सोसवणार नाही. आकडा सांगा."

मोठे बाबा पलंगावर ताठ बसले होते. "दोन," म्हणाले.

"दोन?"

"कधी कधी दीड."

सिस्टरांनी त्यांच्या कपाळाकडे पाहिलं. फेब्रुवारीतली गार सकाळ होती आणि कपाळावर घाम होता.  कंबर तपासली, पाय उचलून पाहिले. जाताना गोळ्या ठेवल्या. मॉर्फिनच्या. घड्याळ लावून, दर चार तासांनी एक, दुखो वा न दुखो.

त्या गोळीचं नाव ऐकून मोठी आई त्यांच्यामागे जिन्यापर्यंत गेली. "सिस्टर, ही गोळी म्हणजे... शेवटची ना? आमच्या ओळखीत एकांना सुरू केली आणि महिन्यात गेले ते."

"गोळीनं नाही गेले, काकू. त्यांना ती उशिरा दिली असेल," सिस्टर म्हणाल्या. "ही दुखण्याची गोळी आहे, मरणाची नाही. कित्येक जण ती घेऊन बाजारहाट करतात. दोन दिवस झोप येईल, पोट साफ होणार नाही, त्याचं औषध दिलंय. घाबरू नका."

मोठ्या आईला पटलं. पण तिची शंका घरातल्या प्रत्येकाच्या मनात होती, आणि आपल्या मुलीच्याही मनात आहे हे मोठ्या बाबांना ठाऊक होतं.

आणि त्याच महिन्यात दीपालीला इंग्लंडला जायचं ठरत होतं. ऑनसाइट, सहा महिने. टीममधल्या सगळ्यांत तिचं नाव निघालं होतं. मोठ्या बाबांनी ही बातमी वॉचमनला, दूधवाल्याला, विहारातल्या सगळ्यांना सांगितली होती. दहा वर्षांचे असताना वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी नागपूरला दीक्षेची गर्दी पाहिली होती. त्यांच्या वडिलांनी जन्मात एकदाच आगगाडीचा प्रवास केला, तो त्या दिवशी. आता त्यांची मुलगी विमानात बसणार होती. ते हे कुणाला उलगडून सांगत नसत. नुसतं म्हणत, "इंग्लंडला. तिकडं थंडी असते."

पण दीपालीनं जेवायच्या टेबलावर अट घातली.

"बाबा, मी तुमच्यावर डिपेंड करतेय. तुम्ही ठीक असाल तरच हो म्हणणार. नसाल तर दुसरा कुणीतरी जाईल. बिग डील नाही. फक्त खरं सांगा."

"मी ठीक आहे."

"आईला विचारते."

"आईला काय विचारतेस? दुखतं मला का तिला?"

"नाहीच दुखत म्हणता ना?" मोठी आई भाजी वाढत म्हणाली. "मग ते कुणाला दुखतं, हा प्रश्नच कुठं येतो?"

दीपालीनं होकार कळवला. मार्चअखेरीस जायचं ठरलं. त्या दिवसापासून मोठ्या बाबांचं सगळं बळ एकाच कामाला लागलं. ती घरात असेपर्यंत बसून राहायचं. ती उठायच्या आधी ते अंघोळ आटोपून खुर्चीत असत, पेपर समोर धरलेला. ती बसला गेली की पेपर हळूच खाली यायचा. मग त्यांना पलंगापर्यंत न्यायला मला आणि मोठ्या आईला दोन्ही बाजूंनी धरावं लागे. भिंतीकडे तोंड करून ते निजत. चादर बदलताना मला दिसलं, भिंतीकडची तिची किनार उसवली होती. मुठीत धरून धरून तिचे दोरे सुटले होते. मी ती चादर मोठ्या आईला दाखवली. तिनं ती घडी घालून वेगळी ठेवली आणि दुसरी अंथरली.

सिस्टर आल्या की आकडा तोच. दोन.

"गोळ्या घेताय ना?"

"घेतो की."

"बाकी काही? झोप? उलटी?"

"काही नाही. चांगली आहे गोळी तुमची."

सिस्टर त्यांच्याकडे बघत राहायच्या. एकदा जाताना मला म्हणाल्या, "या गोळीनं माणूस थोडा तरी पेंगतो, सुरुवातीला तरी. काका अजिबात पेंगत नाहीत."

एका रविवारी कोंडीराम पठारे भेटायला आले. कारखान्यात मोठ्या बाबांच्या हाताखाली होते, चऱ्होलीचे. डोक्यावर टोपी, हातात घरच्या शेतातल्या कोवळ्या भेंड्यांची पिशवी. दाराशी आल्यावर त्यांनी पट्टी पाहिली आणि हात आपोआप तिच्यावर गेला. मग स्वतःशीच हसले.

"टेंभुर्णे, घराला पण डेंजर एरिया केलाय व्हय?"

"राधा आहे ना आत," मोठे बाबा म्हणाले.

कोंडीराम खूप वेळ बसले. कारखान्यातलं आतलं काही बोलले नाहीत, दोघंही. कोण कुठं असतं, कुणाचा मुलगा काय करतो, एवढंच. मग चहा पिताना मोठ्या आईला म्हणाले, "वहिनी, तुमास्नी ठावं हाय का, ह्यो माणूस रोज सकाळी शेडच्या दारात उभा राहून परत्येकाला एकच इचारायचा. ठीक? एवढंच. अन् जो नाही म्हनंल, त्याला त्या दिवशी आत सोडत नव्हता. भाईर पेट्या पुसायला बसवायचा. हात थरथरला तर सगळ्यांचाच जीव जायचा ना. कुठल्या पुस्तकात नव्हता ह्यो नियम, ह्यांचाच."

"मग?" मोठी आई म्हणाली.

"मग काय, आमी लाजायचो पहिलं. नाही कसं म्हनायचं? माझी धाकली पोरगी गेली तवा मी आठ दिवसांनी कामावर आलो. ह्यांनी इचारलं, ठीक? मी म्हनलं, ठीक. हे म्हनले, कोंडीराम, परत सांग. तिसऱ्यांदा रडलो मी तिथंच. मग पंधरा दिवस पेट्या पुसल्या. कुनी एका शब्दानं हिनवलं नाही."

मोठे बाबा खिडकीबाहेर पाहत होते. मोठ्या आईनं कोंडीरामांच्या बशीत आणखी दोन बिस्किटं ठेवली.

"आणि यांना कोण विचारायचं?" तिनं विचारलं.

कोंडीराम जरा गोंधळले. "ह्यांना? ह्यांना कोन इचारनार? हे तर दारात उभे."

त्यानंतर चारेक दिवसांनी दाराबाहेरचं चपलांचं लाकडी खोकं साफ करताना मोठ्या आईला गोळ्या सापडल्या. मोठ्या बाबांच्या नोकरीतल्या जुन्या बुटांत, एका प्लॅस्टिकच्या पिशवीत. जवळजवळ सगळ्याच. जपून ठेवल्या होत्या, पिशवीला रबर लावून. त्यांनी त्या फेकल्या नव्हत्या. जहाल वस्तू राहत्या घरात साठवायची नाही, बाहेर ठेवायची. हीसुद्धा कारखान्यातलीच रीत.

ती पिशवी मोठ्या आईनं पदरात घेतली आणि स्वयंपाकघरात ठेवली. दुसऱ्या दिवशी सिस्टर यायच्या होत्या. नेमकी त्याच दिवशी दीपालीही घरी होती. जायला आठवडाच उरला होता आणि तिला खरेदी करायची होती.

सिस्टर पाणी प्यायल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि नेहमीसारखं म्हणाल्या, "काका, आकडा?"

मोठे बाबा दीपालीकडे पाहून म्हणाले, "दोन."

मोठी आई स्वयंपाकघरातून आली. पिशवी पलंगावर, त्यांच्या पायांशी ठेवली.

 दीपालीनं पिशवी उचलून पाहिली. तिला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा ती खाली बसली, फरशीवर.

"एकही नाही घेतली?" सिस्टरांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

"एक-दोन घेतल्या. झोप येते त्यानं." मोठे बाबा म्हणाले. "फार झालं तर घेईन म्हणून ठेवल्यात. आत्ता एवढं नाही. लागतील तेव्हा असाव्यात."

"फार होईपर्यंत थांबायचं नसतं, काका."

"एवढं दुखत नाही हो मला."

तेव्हा मोठी आई बोलली. पलंगाच्या कठड्याला धरून, अगदी सावकाश.

"अहो, एक सांगा. इतकी वर्षं रोज त्या पट्टीला हात लावलात. तो काय झटका बसल्यावर लावत होतात?"

त्यांनी वर पाहिलं.

"अंगावर काही साचलंय असं वाटायचं तुम्हाला रोज? नाही ना? तरी लावायचात. साचू द्यायचं नाही म्हणून. मला शिकवलंत, पोरीला शिकवलंत. आता दुखण्याचं कोठार भरेपर्यंत वाट बघताय, आणि आग लागली की गोळी घेणार. शेडचे प्रमुख होतात म्हणे!"

सिस्टर चष्मा काढून पुसू लागल्या. मोठे बाबा बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे पाहत होते. मोठी आई त्यांच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "ठीक?"

त्यांनी मान खिडकीकडे वळवली.

"अहो, मी विचारतेय. ठीक?"

"नाही," मोठे बाबा म्हणाले. मग सिस्टरांकडे वळून, जणू चुकलेला हिशोब दुरुस्त करावा तसं म्हणाले, "आठ आहे. रात्री नऊ असतं. पाय खाली सोडला की कमरेतून कुणी तार ओढल्यासारखं होतं. पोरीसमोर नको होतं सांगायला."

दीपाली फरशीवरून उठली नाही. तिथूनच हात लांबवून तिनं त्यांचा पाय धरला.

पहिली गोळी त्यांनी तिच्यासमोर घेतली.

दीपाली गेली नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून तिनं फोन केला आणि मोठ्या आईला सांगितलं की तिच्या जागी दुसरा मुलगा जाईल. मोठ्या बाबांना हे कळलं तेव्हा ते दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. खरं सांगण्याची त्यांनी एवढी किंमत धरली नव्हती. तिसऱ्या दिवशी तिनं जेवणाचं ताट त्यांच्यासमोर ठेवलं आणि तिथंच बसली.

"ऑनसाइट परत मिळेल, बाबा. सगळ्यांना मिळतं."

"मी परत मिळणार नाही, असं म्हण की सरळ."

"हो," दीपाली म्हणाली. "तसंच म्हणतेय."

मोठ्या बाबांनी ताट जवळ ओढलं. मग भातात वरण कालवू लागले. "मीठ दे," म्हणाले. भांडण तिथं संपलं. पण ती विमानात बसली नाही याचं दुःख त्यांना शेवटपर्यंत होतं. आकाशात आवाज आला की मान वर जायची. विश्रांतवाडीवरून विमानं अगदी कमी उंचीवरून जातात. मान वर जायची आणि मग खाली यायची.

गोळीनं दोन-तीन दिवस ते झोपले, खूप झोपले. मोठी आई उशाशी बसून त्यांचा श्वास बघत राहिली. मग झोप उतरली आणि दुखणंही उतरलं. गेलं नाही. सिस्टरांनी तसं वचन दिलंच नव्हतं. पण आकडा तीनवर आला आणि हा तीन खरा होता. ते गॅलरीत बसू लागले. पेपर आता समोर नुसता धरलेला नसायचा, वाचलेला असायचा.

सिस्टरांनी एकदा विचारलं, "काका, काही करावंसं वाटतं का? कुठं जावंसं?"

आम्हाला वाटलं, पवनी म्हणतील. ते म्हणाले, "हिच्या ऑफिसात."

रविवारी सकाळी गाडी करून आम्ही त्यांना हिंजवडीला नेलं. मागच्या सीटवर उशा लावून ते आडवे होते, मान काचेशी. काचेच्या उंच इमारती, त्यांच्यामध्येच एखादं कौलारू घर, त्यापुढे बांधलेली म्हैस. सुट्टीमुळे रस्ते मोकळे होते. फाटकाशी गाडी थांबली. सुरक्षारक्षकानं डिकी उघडायला लावली, दांडीला लावलेला आरसा गाडीखालून फिरवला, दीपालीचं ओळखपत्र पाहिलं आणि सांगितलं की बाकीच्यांना आत परवानगी नाही.

मोठ्या बाबांचा चेहरा उजळला. "झडती घेतात?"

"रोज," दीपाली म्हणाली. "पेन ड्राइव्हसुद्धा नेऊ देत नाहीत."

"आत काय करता ते बाहेर सांगायचं नाही?"

"नाही. सही घेतात तशी."

"बरोबर आहे," ते म्हणाले. इमारतीकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. "कितव्या मजल्यावर?"

तिनं बोट दाखवलं. सगळ्या काचा सारख्याच होत्या. त्यांनी मान हलवली, जणू ती नेमकी काच त्यांना दिसली होती. परतताना ते म्हणाले, "पण घरी आल्यावर आईला थोडं थोडं सांगत जा. माझ्यासारखं करू नको." एवढंच. पुढं ते झोपले.

एप्रिल सरता सरता पायांतली ताकद गेली. मग गॅलरी सुटली, खुर्ची सुटली. दारापर्यंत जाणं थांबलं तसं पट्टीचा उजळ भाग मळत चालला. आम्ही तिघी हात लावत होतो, पण आमचे हात घाईचे. सिस्टर आता दिवसाआड येत. पाठीला जखम होऊ नये म्हणून कूस कशी बदलायची, तोंड कोरडं पडलं तर ओला कापूस कसा फिरवायचा, हे त्यांनी आम्हाला शिकवलं. पुढं काय होईल, तेही सांगितलं. श्वास कसा होईल, काय बघून घाबरायचं नाही. मोठ्या आईनं ते नीट ऐकून घेतलं, स्वयंपाकाची कृती ऐकावी तसं, मधेमधे प्रश्न विचारत. सिस्टर गेल्यावर तिनं भांडी घासायला घेतली. घासलेलीच भांडी पुन्हा घासली.

या दिवसांत मोठ्या बाबांना बोलायची एक नवी सवय लागली. ते तक्रार करू लागले. उशीला घडी पडली आहे. पंखा जोरात आहे. दुधाला वास येतो. डावा पाय असा नको, तसा ठेव. आज पाच आहे, सिस्टरांना फोन करा. प्रत्येक गोष्ट सांगत, आणि आम्ही ती केली की डोळे मिटून घेत.

"आयुष्यभराचं तुंबलेलं आता काढताय का हो?" मोठी आई म्हणायची. उशी झटकून पुन्हा लावायची. आणि बाहेर येऊन मला म्हणायची, "सांगतात तरी."

बोलणंही बदललं. इतकी वर्षं पुण्यात झिजून गेलेली त्यांची पवनीची बोली परत आली. दीपालीला ते माय म्हणू लागले, मला वं म्हणून हाक मारू लागले. कधी वैनगंगेच्या मासोळीचं काही सांगत, कधी नुसती गावांची नावं घेत. मोठ्या आईला त्यातलं निम्मं कळत नसे. "इतक्या वर्षांनी नवराच बदलून मिळाला," ती म्हणाली. म्हणताना हसली आणि पदर तोंडाशी धरून आत गेली.

मे महिन्यातल्या एका सकाळी ते गेले. मोठ्या आईचा हात त्यांच्या छातीवर होता, दीपाली पायांशी होती. विहारातली माणसं आली, वंदना झाली. कोंडीराम दाराशी येऊन पट्टीवर हात ठेवून उभे राहिले. बराच वेळ त्यांना आत यायचं सुचलं नाही.

शेवटचे दीड-दोन दिवस मोठे बाबा बोललेच नव्हते. श्वास शांत होता, कपाळ कोरडं होतं. त्यांचं शेवटचं बोलणं त्याआधीच्या दुपारचं. दीपाली ऑफिसचं काम घरी आणून त्यांच्या पलंगाशेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. मोठी आई खाली चटई टाकून पडली होती. मी खिडकीशी पुस्तक घेऊन होते, पान उलटत नव्हते. आम्हाला वाटलं ते झोपलेत. खिडकीतून उन्हाची एक पट्टी सरकत सरकत उशीवर आली होती. त्यांनी डोळे किलकिले केले, मान थोडी वळवायचा प्रयत्न केला आणि अगदी स्पष्ट, जरा वैतागून म्हणाले, "दीपाली, पडदा ओढ ना माय. ऊन येऊन राहिलं डोळ्यावर."